मिळाली नाही त्या शिष्यवृत्तीचा सत्कार

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. कधी झाला, तेही सांगते. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालच्या गुढीपाडव्यानंतरचा दुसरा सोमवार, संध्याकाळचे साडेपाच. त्या वेळी नांदेडच्या एका कॉलेजात एक प्राचार्य आपल्या खुर्चीत बसले होते. समोर संगणक चालू होता, पत्र लिहून तयार होतं, आणि ते त्यांनी पाठवलं नाही. वीज गेली नव्हती. कुणी त्यांचा हात धरला नव्हता. आम्ही दोघी बहिणी समोर बसून बघत होतो.

आंदोलनात मला पत्रकं लिहायला शिकवली तेव्हा पहिला धडा हाच दिला होता, की अन्याय कुणावर आणि केव्हा, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे. लोक पत्रक चौकात उभ्यानं वाचतात. तिसऱ्या ओळीपर्यंत कुणी थांबत नाही, तोवर त्यात भजी बांधली जातात. म्हणून ते आधी लिहून टाकलं. आता सावकाश सांगते.

आमचं गाव तालुक्याचं, लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. बाजारपेठेत अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, सरकी-पेंडीचं दुकान. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा करून, कपाळाला विभूती लावून ते दुकान उघडतात आणि दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलत बसतात. पेंड विकणं हा त्यांचा जोडधंदा आहे, असं आई म्हणते. घरात आम्ही दोघीच बहिणी. अक्का शिकण्यात हुशार, मी भांडण्यात.

भांडायला मला जागाही तयार मिळाली. दोन्ही जिल्ह्यांतले काही काही तालुके तोडून आमच्या गावाला जिल्हा करा, ही मागणी माझ्या जन्माआधीची. त्यासाठीच्या कृती समितीत मी कॉलेजात असतानाच शिरले. पत्रकं मी लिहायचे, घोषणा मी द्यायचे, रास्ता रोकोत बायकांच्या बाजूला मी बसायचे. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट यांतली कुठलीही तारीख जवळ आली की गावात बातमी फिरायची, आता जाहीर होणार. मुंबईहून कुणाचा तरी फोन आलेला असायचा. फटाके आणून ठेवायचे. एका वर्षी तर सकाळीच पेढे वाटून झाले आणि संध्याकाळच्या बातम्यांत आमच्या गावाचं नावसुद्धा नव्हतं. कुणाला लाज वाटली नाही. पेढे तर गोड होते ना, म्हणाले. या गावाला वाट बघता येत नाही. आनंद घरात आला नाही तर हे लोक वेशीपर्यंत जाऊन त्याचा हात धरून ओढत आणतात.

त्या वर्षी पाऊस लागोपाठ बुडत आला होता. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले, हे बायांनी मोजणं सोडून दिलं होतं. दारापुढच्या पाण्याच्या ड्रमांना कुलपं लागली होती. बोअर पाडणाऱ्या गाड्या गावाभोवती सारख्या घरघरत असायच्या आणि त्यांचा पांढरा भुगा वाळत घातलेल्या कपड्यांवर, चपात्यांवर, अप्पांच्या गल्ल्यावर बसायचा. बोलताना दातांखाली कचकच व्हायची. सगळं गाव काहीतरी चावत असल्यासारखं वाटायचं.

अक्कानं नांदेडला भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलं आणि तिथंच तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, जूनला ठेवतील की नाही ते जूनलाच कळणार. पण तिचा जीव त्या तासांत नव्हता. रेणापूर हे आमचं आजोळ. तिकडच्या गावांतल्या ठरलेल्या विहिरींत ती दर महिन्याला टेप सोडायची. टेपच्या टोकाला वजन बांधलेलं. ते पाण्याला टेकलं की आवाज येतो. तो ऐकून पाणी किती खोल गेलं ते लिहून घ्यायचं. एमएस्सी संपलं तरी तिनं ते थांबवलं नाही. नवा बोअर कुठं पडला आणि त्यानंतर कुठली विहीर खाली गेली, हे तिच्याइतकं सलग कुणीच बघितलेलं नव्हतं.

त्या गावांत तिच्याविषयी एक बोलणं सुरू झालं होतं. टेपवाली बाई आली की पाणी हटतं. खळ्यावर रास पडलेली असताना पोती किती झाली ते मोठ्यानं मोजायचं नसतं, बरकत जाते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. तेच आता विहिरीला लागू झालं. एका म्हाताऱ्या बाईनं काठावर येऊन अक्काच्या मनगटाला धरलं आणि हळू आवाजात सांगितलं, "लेकरा, मापू नको. मापलं की सरतंय." ती बाई रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. घरी आल्यावर अक्कानं मला हे हसत सांगितलं, पण पुढच्या महिन्यात ती त्या विहिरीवर दुपारच्या वेळी गेली, कुणी काठावर नसताना.

शिष्यवृत्तीची माहिती तिच्या जुन्या मार्गदर्शक बाईंनी दिली. त्या तोवर पुण्याला बदलून गेल्या होत्या. परदेशात दोन वर्षं भूजलाचं शिक्षण. फी, विमान, राहणं, खाणं, सगळं ते देणार. देश असा की तिथं बारा महिने पाऊस पडतो. अप्पांनी एवढंच विचारलं की मग तिथं पाण्याचं शिकवतात कशाला.

अर्ज भरायला अक्काला दिवाळीपासून संक्रांत झाली. कागद गोळा करायला वेळ लागला नाही, वेळ लागला स्वतःबद्दल लिहायला. एक प्रश्न होता, तुम्ही पुढाकार घेतल्याचा प्रसंग सांगा. अक्कानं लिहिलं, आमच्या विभागाच्या वतीनं, माननीय सरांच्या प्रेरणेनं, ग्रामस्थांच्या सहकार्यानं विहिरींच्या पातळीची नोंद घेण्यात आली. मी ते वाचलं आणि विचारलं, "अक्का, विहिरीत टेप कुणी सोडली?"

"मीच की."

"मग तसं लिही. मी सोडली."

"मी, मी काय करायचं गं. बरं दिसत न्हाई."

"बरं दिसायला तू काय लग्नाचा बायोडाटा लिहायलीस का?"

ती चिडली. मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून तिच्या निबंधातले सगळे सर, सगळे ग्रामस्थ आणि परमेश्वराची कृपा खोडून काढली. उरली ती, तिची टेप आणि त्या विहिरी. मनगट धरणारी म्हातारी तिनं आधी घातली नव्हती, मी घालायला लावली. पुण्याच्या बाईंनी वाचून कळवलं, आता हे माणसानं लिहिल्यासारखं वाटतंय. अर्ज गेला.

होळीच्या सुमारास मेल आला. पहिल्या यादीत तिचं नाव होतं. पुढं स्पष्ट लिहिलं होतं, की आता दोन शिक्षकांना शिफारसपत्र पाठवायची लिंक थेट आमच्याकडून जाईल; दोघांची पत्रं मुदतीच्या आत आली तरच अर्ज पुढं जाईल; मग मुलाखत, मग निवड. एक शिक्षक पुण्याच्या बाई, दुसरे तिच्या नांदेडच्या कॉलेजचे प्राचार्य. मी तो मेल अप्पांना मराठीत दोनदा वाचून दाखवला. अप्पा, ही नुसती पहिली चाळण आहे, असंही मी म्हणाले.

अप्पा म्हणाले, "चाळणीवर राहतो तो दाणाच असतोय की."

त्यांचंही चुकत नव्हतं. लातूरच्या पट्ट्यात आम्ही सगळे याद्यांवरच वाढलेलो. दहावीची यादी, बारावीची यादी, मेडिकलची यादी. क्लासच्या दारावर कागद चिकटवला, त्यात नाव दिसलं, की पोरगं डॉक्टर झालं म्हणून धरून चालायचं. यादी म्हणजे निकाल. यादीनंतर आणखी काही असतं, हे आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेलं नाही. अप्पांनी दुसऱ्या दिवशी दुकानात एकाच माणसाला सांगितलं, पोरीचं नाव लागलं. तो माणूस पेंड न्यायला आलेला, आमच्या कृती समितीच्या अध्यक्षांचा ड्रायव्हर. दिवस मावळायच्या आत अध्यक्ष आमच्या ओट्यावर होते.

अध्यक्ष म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. नांदेडच्या त्या कॉलेजच्या संस्थेतही त्यांचा शब्द चालायचा. ते अक्काला बेटा म्हणाले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि जाहीर करून गेले की पाडव्याला चौकात सत्कार. नव्या जिल्ह्याची पहिली कन्या परदेशी चालली, असा मजकूर त्यांच्या डोक्यात आधीच तयार होता. एक मे जवळ येत होता. जिल्ह्याच्या मागणीसाठी मुंबईला शिष्टमंडळ जाणार होतं. स्टेजवर दाखवायला समितीकडं काहीच नव्हतं, पाण्याबद्दल बोलायची तर सोयच नव्हती.

समितीच्या बैठकीत मी उभी राहिले. सांगितलं, शिष्यवृत्ती मिळालेली नाही, मिळाल्यावर सत्कार करा, मानपत्र मी लिहीन. अध्यक्ष रागावले नाहीत. ते कधीच रागवत नाहीत. हसून म्हणाले, "जिल्हा तरी कुठं झालाय, ताई? तरी तुमच्याच पत्रकात तुम्ही नवा जिल्हा लिहिताच की. म्हणत राहिलं की व्हतंय."

सगळे हसले. मानपत्र लिहायला मी नकार दिला, ते हायस्कूलच्या एका गुरुजींनी लिहिलं.

घरी अक्का म्हणाली, मी जाणार नाही. अप्पा म्हणाले, घरी चालून आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं, त्यांच्या दारावरनं रोज जायचंय. अप्पांना तोंडावर नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं.

फ्लेक्स तीन चौकांत लागले. अक्काचा फोटो परीक्षेच्या हॉलतिकिटावरचा, ताणून मोठा केलेला, त्यामुळं तिचा चेहरा कुणीतरी दोन्ही कानांना धरून ओढल्यासारखा दिसत होता. मागं विमान. वर ओळीनं पुढाऱ्यांची डोकी, प्रत्येक डोकं तिच्या डोक्यापेक्षा मोठं. सगळ्यांत मोठा फ्लेक्स टँकर थांबतो त्या चौकात. उन्हाच्या झळीनं तो दिवसभर फडफडत राहायचा आणि त्याच्या सावलीत घागरींची रांग लागायची. सावली सरकली की रांग सरकायची. बाया वर बघायच्या, खाली बघायच्या.

पाडव्याच्या संध्याकाळी मांडव भरला. स्टेजवर पाहुण्यांपुढं पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. भाषणं चालू असताना पुढच्या रांगेतल्या बायांची नजर त्या बाटल्यांवरून हटत नव्हती. प्रमुख पाहुणे नांदेडचे प्राचार्य. मूळचे आमच्याच गावचे, त्यामुळं गहिवरून बोलले. ही शिष्यवृत्ती मिळवून आमच्या विद्यार्थिनीनं मराठवाड्याची मान उंचावली, म्हणाले. स्वतःच्या हातानं अक्काला शाल घातली. कोपऱ्यात वार्ताहर लिहून घेत होता.

मग अक्काला बोलायला सांगितलं. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. मला दिसत होतं, ती घरून ठरवून आली होती.

ती म्हणाली, "मला शिष्यवृत्ती अजून मिळालेली नाही. नुसतं पहिल्या यादीत नाव आहे. सरांचं पत्र जायचं आहे, मुलाखत व्हायची आहे. कृपा करून आत्ताच असं म्हणू नका."

पुढच्या रांगेतल्या बायांनी बाटल्यांवरची नजर काढून तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात अध्यक्षांनी पुढं होऊन माईक घेतला आणि म्हणाले, "बघा. एवढी मोठी झाली, तरी विनय बघा."

आणि टाळ्या. त्या दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या. प्राचार्य मान डोलवत होते. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का शाल पांघरून तशीच उभी, आणि मला त्या मांडवात पहिल्यांदा भीती वाटली. रास्ता रोकोतल्या लाठीमाराच्या वेळी वाटली होती तसली ही भीती नव्हती. आपलं बोलणं कानांपर्यंत जातं आणि तिथं गेल्यावर वेगळंच काहीतरी होतं, हे डोळ्यांदेखत बघण्याची भीती होती. पेपरात दुसऱ्या दिवशी आलं: परदेशी शिष्यवृत्ती पटकावली.

त्यानंतर एकेक गोष्ट निघून जायला लागली. हिसकावून कुणी घेतलं नाही, सगळ्यांनी हसत हसत काढून घेतलं. टँकरवर शेजारची काकू म्हणाली, तुला कशाला गं घागर, तू तर पावसाच्या देशात चाललीस. सगळ्या हसल्या, अक्काही हसली, पण घागर मागं सरकली ती सरकलीच. नांदेडला विभागात सगळ्यांनी तिला पेढा मागितला आणि त्याच चहाच्या वेळी कळलं, की जूनपासूनचे तिचे तास धर्माबादच्या एका मुलाला द्यायचं ठरलंय. तुम्हाला तर आता गरज नाही, मॅडम. ती जिथं भाड्यानं राहायची त्या घरमालकिणीनं खोलीचा शब्द दुसऱ्या मुलीला देऊन टाकला होता. प्रत्येकाला अक्कानं समजावून सांगितलं. प्रत्येकानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुण्याच्या बाईंचं पत्र केव्हाच गेलं होतं. प्राचार्यांचं जात नव्हतं. अक्का भेटली की, पाठवतो की, म्हणायचे. फोन केला की बैठकीत असायचे. त्याच आठवड्यात लातूरला पाण्याची गाडी आली. लोक ती बघायला स्टेशनवर गेले. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आमच्या समितीला चौकात चार माणसं उभी करायची पंचाईत झाली. अक्का रेणापूरला जाऊन आली. तिच्या विहिरींपैकी बऱ्याच विहिरींत टेपच्या वजनाचा आवाज आता दगडावर येत होता. त्या दिवशी ती जेवली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

सोमवारी, शेवटच्या दिवशी, आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघालो. नायगावला गर्दी चढली. एका माणसानं अक्काकडं निरखून बघितलं आणि ओळखलं, पेपरातली पोरगी. स्वतः उठून आपल्या आजारी आईला खिडकीपाशी सरकवलं आणि अक्काला बसायला जागा करून दिली. पाया पडावं असं तोंड करून बघत होता. अक्का बसली नाही, उभीच राहिली नांदेडपर्यंत.

प्राचार्यांनी आम्हाला दुपारी भेटायला बोलावलं, मग चारला. आत कूलर चालू होता. चहा मागवला. पत्र क्लार्कनं टाइप करून पडद्यावर लावलं होतं; मला बसल्या जागेवरून दिसत होतं. चांगलं पत्र होतं. खोटं सांगत नाही, त्यांनी तिच्या कामाबद्दल मनापासून लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, हिला ही शिष्यवृत्ती द्यावी अशी मी शिफारस करतो.

अक्का म्हणाली, "सर, आज साडेपाचला बंद होतंय."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाळ, मी काय म्हणतो ते समजून घे. पाडव्याला मी स्टेजवर सांगितलं, हिला मिळाली. पेपरात आलं. आता माझ्याच सहीनं, द्यावी म्हणून लिहून पाठवू? उद्या कुणी हे पत्र बाहेर काढलं तर मी त्या दिवशी खोटं बोललो असं व्हतंय. आणि मी एकटा न्हाई. अध्यक्षसाहेब पण."

मी म्हणाले, "सर, त्या देशात आपला पेपर कोण वाचतंय?"

"तिथं न्हाई गं. इथं."

मग त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष जिल्ह्याच्या शिष्टमंडळाबरोबर मुंबईला होते. फोन ड्रायव्हरनं उचलला, साहेब आत आहेत म्हणाला. पुन्हा लावला, तेच. प्राचार्य म्हणाले, साहेबांना विचारल्याशिवाय बरं दिसणार नाही. मी म्हणाले, विचारायचं काय त्यात. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. अक्काला म्हणाले, एक मे जाऊ दे, जिल्हा जाहीर झाला की लोक हे सगळं विसरतील, मग निवांत पाठवतो. अक्कानं पुन्हा सांगितलं की मुदत आजच संपते. त्यावर ते खरोखर मायेनं हसले. मुदतवाढ देतात की, म्हणाले. परीक्षेचा फॉर्म असो, पीकविमा असो, आजवर कशाला मुदतवाढ मिळाली नाही?

त्यांचा त्यावर विश्वास होता. ते खोटं बोलत असते तर मी त्यांच्याशी भांडले असते, मला भांडता येतं. पण हा माणूस एका दिवसाची शोभा राखण्यासाठी माझ्या बहिणीची दोन वर्षं गिळत होता आणि त्याला वाटत होतं की तो तिला चहा पाजतोय.

शेवटी मी म्हणाले, "सर, नुसतं दाबायचंय. दाबा."

त्यांनी हात पुढं केला. माऊसवर ठेवला. मग बाहेर कुणाची तरी चाहूल लागली, संस्थेतलं कोणी असेल असं त्यांना वाटलं असावं, आणि त्यांनी पत्राची खिडकी खाली केली. आत आला तो शिपाई, कप न्यायला. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसत होती. अक्का ती बघत होती आणि मी अक्काकडं. साडेपाच वाजून गेल्यावर प्राचार्यांनी खिडकी पुन्हा उघडली, दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "बंद झालं का? बरं. उद्या उघडंल."

उघडलं नाही. दोन दिवसांनी मेल आला, अर्ज अपूर्ण असल्यानं विचारात घेता येत नाही. एक मेला जिल्हाही जाहीर झाला नाही. मी समिती सोडली. सोडताना अध्यक्षांना पत्रक दिलं, माझं शेवटचं. ते त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, भाषा लई चांगली आहे तुमची.

इथं संपलं असतं तर अक्कानं सोसलं असतं. ती गप्प बसून सोसणारी आहे. पण दुसऱ्या वर्षी अर्ज करता येत होता आणि तिनं तो करायला घेतला. या वेळी एक नवा कागद लागत होता: शेवटच्या कॉलेजचा दाखला, की या उमेदवारानं आजवर कुठलीही परदेशी शिष्यवृत्ती घेतलेली नाही. कॉलेजात गेलो. क्लार्कनं फाईल उघडली आणि आमच्याकडं फिरवली. पेपरातलं कात्रण व्यवस्थित डकवून ठेवलेलं. खाली प्राचार्यांचा फोटो, शाल घालताना.

"ताई, घेतली न्हाई असं मी कसं लिहू? प्राचार्यसाहेबांच्याच हातनं घेतल्यावाणी दिसतंय."

तो चेष्टा करत नव्हता. नोकरी सांभाळत होता. आम्ही पेपरवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, खुलासा छापतो, आयोजकांचं पत्र आणा. आयोजक म्हणजे अध्यक्ष. अध्यक्षांनी अप्पांना बोलावून घेतलं आणि समजावलं, की जुनं कशाला उकरायचं, मिळाली होती पण घरच्या अडचणीनं गेली नाही असं म्हणा, पोरीची इज्जत राहील. अप्पा दुकानात येऊन गल्ल्यामागं बसले. त्या दिवशी ते गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलले नाहीत. आजही गावात अर्ध्या लोकांना वाटतं की अक्का परदेशी जाऊन आली. उरलेल्या अर्ध्यांना वाटतं की मिळालेली संधी तिनं घालवली. दोन्हीपैकी कुठल्याही लोकांना ती भेटली की ते तिच्याकडं दयेनं बघतात.

त्या वर्षीचा अर्ज त्या दाखल्यावाचून गेला आणि परत आला. आता अक्का लातूरला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते आणि रविवारी रेणापूरला विहिरी बघायला जाते. वयाच्या अटीप्रमाणं तिला आणखी एकदाच अर्ज करता येईल, या दिवाळीच्या आत. क्लार्कनं मला बाजूला घेऊन एक वाट सांगितली आहे. त्या मांडवात हजर असलेल्या पाच-पंचवीस माणसांनी लिहून दिलं, की त्या दिवशी जे जाहीर केलं ते खरं नव्हतं, तर तो ते कात्रणावर लावून प्राचार्यांपुढं ठेवील, आणि मग त्यांना दाखल्यावर सही करावी लागेल.

मी दारोदार फिरले. लोक चहा देतात. हो, आम्ही होतो की, टाळ्या आम्हीच वाजवल्या, म्हणतात. कागद पुढं केला की म्हणतात, आधी दुसऱ्यांचं घ्या. गुरुजी म्हणाले, मी फक्त मानपत्र लिहिलं. काकू म्हणाली, आमच्या मालकांना विचारून सांगते.

म्हणून हे लिहिलं, आणि म्हणून हे तुमच्या हातात आहे. तुम्ही त्या पाडव्याला आमच्या चौकात असाल तर तुम्ही तिचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. नसाल, तर तुमचा मेहुणा, तुमची चुलती, तुमचा दुकानदार, कुणीतरी तिथं होतं; आत्ता त्यांना फोन लावा. एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा, की माझ्यासमोर त्या मुलीनं माईकवरून सांगितलं होतं, मला मिळालेली नाही, आणि ते खरं होतं. खाली तुमचं नाव लिहा, सही करा, आणि दिवाळीच्या आत तो कागद नांदेडला, त्या कॉलेजच्या टेबलावर, स्वतःच्या हातानं नेऊन द्या.